उतरती आच

झाकणाभोवतीची कणीक मऊच होती. सगीराने सुरीचं टोक लावलं तेव्हा ती टक् करून तडकली नाही, सुरीला चिकटून लोंबत वर आली. तिने झाकण उचललं. वाफ नाही, वास नाही. पाणी गार आणि स्वच्छ, त्यात अख्खा सोललेला कांदा काल घातला होता तसाच पांढराशुभ्र, आल्याचा तुकडा तळाशी, आणि हरभरे भिजून फुगलेले पण कच्चे. तिने एक दाणा दाढेखाली धरला, तो निसटला, दुसऱ्यांदा धरला तेव्हा दाढेतून कळ गेली. मग तिला राग आला. राग आला तो नवऱ्याचा, जब्बारचा. ओली लाकडं घेतली असणार, स्वस्त मिळाली म्हणून. किंवा पाव लवकर काढून भट्टीचं दार उघडं टाकून गप्पा मारत बसला असणार. एवढ्या वर्षांत माणसाला सांगून सांगून जीभ झिजली, की तुझे पाव झाले म्हणजे भट्टीचं काम संपलं असं नसतं, माझं घर त्या उरलेल्या आचेवर जेवतं. ती स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली, हाक मारायला तोंड उघडलं, आणि हाकेतला ज ओठांवर आला तेव्हा तिला आठवलं की जब्बार बकरी ईदनंतरच्या आठवड्यात वारला. आता थंडी पडली आहे. म्हणजे मधला सगळा पावसाळा गेला, आणि भट्टी तेव्हापासून पेटलेलीच नाही. राग मात्र तसाच राहिला, कुणावर काढायचा ते न कळता हातात सुरी धरून उभा.

आणि मग तिसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. ती हळूहळू आली म्हणून जास्त वाईट होती. भट्टी थंड आहे तर हरभरे कच्चे राहणारच, त्यात नवल काही नाही. नवल हे, की परवाचे हरभरे शिजले होते. त्याआधीची चवळी शिजली होती, इतकी मऊ की युसराने, तिच्या मुलाच्या, मुनीबच्या लेकीने, बोळक्या तोंडाने खाल्ली. कधीतरी पाये शिजले होते, हाडापासून सुटून आलेले. सगळं ह्याच डेगचीत, ह्याच भट्टीतून काढलेलं. सगीराने स्वतः संध्याकाळी आत ठेवलं होतं, स्वतः सकाळी बाहेर काढलं होतं, आणि थंड भट्टीतून शिजलेलं अन्न काढताना तिला एकदाही काही वाटलं नव्हतं. तिने डेगचीवर परत झाकण ठेवलं. मनकर्णाबाईंची चाहूल जिन्यावर लागत होती, आणि त्यांना हे दिसायला नको होतं.

मनकर्णाबाई समोरच्या घरातल्या. काल मुनीब आणि सून सदफ युसराला घेऊन पैठणला गेले, सदफच्या मामेबहिणीचं लग्न होतं; मुक्काम करून आज संध्याकाळी यायचे होते. जाताना मुनीबने मनकर्णाबाईंना सोबतीला झोपायला सांगितलं. सगीराला ते आवडलं नव्हतं. ज्या घरात उभं आयुष्य गेलं त्या घरात एक रात्र एकटं झोपायला तिला सोबत कशाला पाहिजे? पण मुनीबशी आजकाल ती वाद घालत नसे. ज्या दिवशी त्याने दौलताबादच्या साहेबराव गवंड्याला भट्टी पाडायला सांगितलंय असं जेवता जेवता जाहीर केलं, त्या दिवसापासून तिने त्याच्याशी कामापुरतंच बोलायचं ठरवलं होतं. बापाची भट्टी. माती अजून ओली असेल कबरीवरची, आणि ह्याला तिथं मोबाईलचं दुकान भाड्याने द्यायचंय. जनाज्यालाही रडला नव्हता हा मुलगा. चितेगावच्या कंपनीत यंत्रांसमोर उभा राहून माणूस तसाच होतो, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"उठलीस कवा?" मनकर्णाबाई खाली येत म्हणाल्या. "मला हाक तरी मारायची."

"आत्ताच उठले. चहा ठेवते."

मनकर्णाबाई पाटावर टेकल्या. त्यांची नजर डेगचीवर गेली, सुरीला चिकटलेल्या कणकेवर गेली, आणि तिथून उठून खिडकीबाहेर गेली. सगीराने ते पाहिलं. चहाला उकळी आली. मग सगीराला राहवलं नाही, तिने पाठमोरीच विचारलं, "बाई, भट्टी पेटलीच नाही, तर आतली डेगची शिजेल का?" विचारल्यावर तिला वाटलं, आता ह्या हसतील, किंवा घाबरतील, निदान काय गं बोलतीस असं तरी म्हणतील. चहाचा कप घेताना मनकर्णाबाईंनी कपाऐवजी आधी सगीराचं मनगट धरलं, थोडा वेळ धरून ठेवलं, आणि म्हणाल्या, "काल रातच्याला जेवली व्हतीस का तू नीट?" आणि मग बशीत ओतून चहा प्यायल्या. त्यांना नवल वाटलं नाही, ह्याचंच सगीराला नवल वाटलं. दुपारी परत डोकावते, असं सांगून त्या गेल्या तेव्हा तिने दाराला आतून कडी घातली.

आच उतरते. ही गोष्ट सगीराला लग्न होऊन चेलीपुऱ्यातल्या ह्या घरात येईपर्यंत माहीत नव्हती. माहेरी, पैठणच्या अलीकडच्या खेड्यात, चूल होती; चूल पेटवली की पेटते, विझवली की विझते. इथं पुढे दुकान, मागे विटांची कमानदार भट्टी, आणि भट्टीच्या पाठीला पाठ लावून स्वयंपाकघर. पहिल्या दिवशी तिने त्या भिंतीला हात लावला आणि चटकन काढून घेतला, भिंत अंगात ताप असल्यागत गरम होती. सासूने तेव्हाच सांगून टाकलं की ह्या घरात फुकटची आच वाया घालवणारी बाई टिकत नाही. भट्टी पहाटे पेटायची, तापून लाल झाली की निखारे बाजूला ओढून पाव आत जायचे. पाव निघाले की थोडी आच उतरायची, मग खारी, नानखटाई. ती निघाली की आणखी उतरायची, मग टोस्ट सुकायला. पावाची आच, नानखटाईची आच, टोस्टची आच, ह्या दुकानाच्या. त्यानंतरची सगळी आच घरातल्या बायकांची. वांगी आणि कांदे भाजायला टाकायचे. मनकर्णाबाई एकादशीला रताळी पाठवायच्या, ती राखेच्या कडेला लावायची. मिरच्या, धणे, खोबरं पत्र्यावर पसरून ठेवायचं. आणि सगळ्यात शेवटी, संध्याकाळी, जेव्हा आत हात घातला तर कोपरापर्यंत सोसवायचा, तेव्हा डेगची. हरभरे, चवळी, मटकी, बाजारात कुणी घेत नाही तसला गोश्ताचा कडक भाग, काहीही. झाकण कणकेने लिंपून आत सरकवायची आणि लोखंडी दार ओढून घ्यायचं. सकाळी कणीक खरपूस तपकिरी झालेली असायची, टक् करून तडकायची, आणि ज्याला कुणी विचारत नव्हतं ते अन्न असं शिजलेलं असायचं की दाताची गरजच नाही. जब्बार भट्टीसमोर बसून हाताच्या पाठीने आच मोजायचा. मोजून झाली की तिथूनच हाक मारायचा, "सगीरा, आंच उतरी गे, डेगची लेको आ." तिच्याशी तो दखनीत बोलायचा, ती त्याला माहेरच्या मराठीत उत्तर द्यायची, आणि मुनीब दोघांच्या मधे बसून ज्याला जसं पाहिजे तसं बोलायचा. त्या हाकेशिवाय तिने डेगची कधी आत ठेवली नव्हती. काल संध्याकाळी ठेवली तेव्हा हाक आली होती का, हे ती आता आठवू लागली, आणि आली होती असं तिला स्पष्ट आठवलं. तेव्हा ती आठवायची थांबली.

स्वयंपाकघराची ती भिंत आता गार असते. तिच्या कोनाड्यात दही लागत नाही. थंडीत पीठ फुगत नाही, पापड सर्द होतात, मिठाला पाणी सुटतं. पण खरी अडचण त्याहून मोठी होती आणि ती कुणाला समजावून सांगता येत नव्हती. सगीराने आयुष्यात कधी आजचा स्वयंपाक आज ठरवलाच नव्हता. आज काय खायचं ते कालच भट्टीत गेलेलं असायचं, आणि आज संध्याकाळी आत जाईल ते उद्याचं. घर एक दिवस पुढे चाललेलं असायचं. आता सकाळी उठून गॅससमोर उभं राहायचं आणि आज काय, असा प्रश्न पडायचा, आणि तिला उत्तर सुचायचं नाही, कारण हा प्रश्न तिला नवा होता. मुनीबच्या पगारात घर भागायचं, पण दुकान बंद, उरलेला पाव बंद, आणि गॅस म्हणजे नुसता जळणारा पैसा. तिने जमेल तशी काटकसर मांडली. एका आचेवर दोन कामं झाल्याशिवाय शेगडी बंद करायची नाही. कुकरमधे खाली डाळ, वर भात, त्यावर वाटीत दुधी. डाळ रात्री भिजवायची, तांदूळही भिजवायचा. भात अर्धा शिजला की पातेलं उतरवून गोधडीत गुंडाळून ठेवायचं, आपला आपण होतो. चपात्या एकदाच, दोन्ही वेळच्या. उरल्या तर सकाळी कुस्करून कांद्यावर परतायच्या. तवा तापलेलाच आहे तर त्यावर शेंगदाणे भाजून घ्यायचे, शेंगदाणे झाले की त्याच धगीवर हाताखालचे दोन पापड. एक दिवस काही न शिजवता: ज्वारीची शिळी भाकरी, ताक, कांदा, ठेचा. सदफ बी.ए. झालेली, तिला हे सगळं जुनाट वाटत असेल, पण ती बोलत नसे, सांगेल तसं करायची. एवढं करूनही सिलिंडर टिकत नव्हता. दर वेळी ठरल्याआधीच संपायचा. सगीराने हिशोब लावून पाहिला, तो जुळेना, तेव्हा तिने सदफला धारेवर धरलं. दुपारी मी पडले की तू चहा करतेस. मोठ्या आचेवर दूध ठेवून फोनवर बोलत बसतेस. आईकडे गॅस फुकट येत असेल, इथं येत नाही. एकदा तर भांडं आपटलं. सदफने मान खाली घालून ऐकून घेतलं, चुकलं अम्मी म्हणाली, आणि पुढच्या वेळी सिलिंडर तसाच लवकर संपला.

ती उठली आणि भट्टीपाशी गेली. ऊन बरंच वर आलं होतं तरी मागच्या खोलीत उजेड नव्हता. लोखंडी दार उघडताना ते जमिनीला घासलं, आणि त्या आवाजासरशी तिच्या पायांनी आपणहून अर्धं पाऊल मागे घेतलं, धग अंगावर येईल म्हणून. धग आली नाही. आतून गार, जुन्या राखेचा, थोडा उंदरांचा वास आला. जब्बारचं लांब दांड्याचं लाकडी फावडं कोपऱ्यात उभं होतं. पाव आत सरकवून सरकवून त्याची पुढची कड काळी झाली होती आणि दांड्यावर त्याच्या हातांच्या जागा झिजलेल्या होत्या. तिने आत वाकून पाहिलं. राखेवर डेगचीच्या बुडाचा गोल उमटलेला होता. एकच नव्हता. एकावर एक, थोडे सरकलेले, एकमेकांत घुसलेले कितीतरी गोल. म्हणजे तिने ठेवल्या होत्या, आणि एकदा दोनदा नाही. तिला वाटत होतं काल झाली ती चूक होती, सवयीचा हात, माणसाचा होतो कधीकधी. पण ह्या राखेत सगळा पावसाळा होता. ती तिथंच खाली बसली. भट्टीच्या आतल्या अंधारातून कुणीतरी आपल्याकडे पाहतंय असं तिला वाटलं, आणि तो जब्बार असता तर बरं झालं असतं. पण तो जब्बार नव्हता असंही तिला वाटलं. ती स्वतःच होती, दुसरीच कुणी सगीरा, जी रोज संध्याकाळी इथं येऊन काहीतरी करून जाते आणि हिला सांगत नाही.

माहेरी तिची थोरली फुफी होती, बापाची बहीण. फुफीची शेळी विकली गेली त्याला कित्येक वर्षं झाली होती, तरी म्हातारपणी ती रोज दिवेलागणीला बाभळीचा पाला तोडून आणायची आणि रिकाम्या खुंट्यापुढे टाकायची. पोरं हसायची, सगीराही हसायची. फुफीला कुणी सांगितलं की शेळी नाही, तर फुफी म्हणायची, माहीत आहे मला, मी काय खुळी आहे का. आणि दुसऱ्या दिवशी पाला आणायची. पुढे पुढे तिच्या हातून विस्तव, विळा, पाण्याची घागर, एकेक काढून घेत गेले. शेवटी ओसरीवर नुसती बसवून ठेवायचे, दोन वेळा ताट आणून द्यायचे. ते ताट फुफी ज्या नजरेने बघायची ती नजर सगीराला आता आठवली. तिला मरणाची भीती नव्हती, जब्बार गेल्यावर ती बरीचशी गेली होती. तिला भीती ह्याची वाटली की घरात कळलं तर तिच्या हातातून स्वयंपाकघर जाईल. उद्या काय शिजायचं हे ठरवणारं माणूस ती राहणार नाही. ताट समोर आणून ठेवतील, आणि त्यात काय आहे ते तिला ताटात बघून कळेल.

मग तिला कणीक आठवली. इतक्या दिवसांत सकाळी तडकवलेली कणीक. ती कडक असायची, पण भट्टीतल्यासारखी चहूबाजूंनी तपकिरी नसायची. खालच्या अंगाला, डेगचीच्या गळ्यापाशी भाजलेली आणि वरून फिकट. तिने ते पाहिलं होतं. पाहून एकदा मनाशी म्हटलंही होतं, आच कमी पडतेय, जब्बारला सांगायला हवं. खालून भाजलेली आणि वरून फिकट. असं भट्टीत होत नाही. असं शेगडीवर होतं. झाकण न उघडता कुणीतरी ती डेगची तशीच्या तशी बारीक आचेवर ठेवायचं, तास दोन तास, आणि मग उचलून परत भट्टीत, दार ओढून, काही झालंच नाही अशी. सगळे वर माडीवर झोपलेले असताना. आणि म्हणून सिलिंडर. घरात तिच्याखेरीज शेगडीला हात लावणारं माणूस एकच होतं. आणि तेच माणूस काल रात्री पैठणला होतं, म्हणून आज हरभरे कच्चे. सदफ. भांडं आपटलं तेव्हा मान खाली घालून चुकलं अम्मी म्हणणारी सदफ. एवढी पोरसवदा मुलगी पहाटे उठून सासूचं वेड शिजवून ठेवत होती आणि वर त्याच गॅसबद्दल बोलणी खात होती.

दुपारभर सगीराने काम केलं. हरभरे कुकरमधे टाकले, शिट्ट्या मोजल्या नाहीत, गॅस जळतोय तर जळू दिला. आयुष्यात पहिल्यांदाच तिने शेगडी पेटती ठेवून तिच्यासमोर नुसतं बसून पाहिलं. मनकर्णाबाई डोकावल्या तेव्हा तिने कडी काढली, त्यांना वाटीभर हरभरे दिले, आणि काही विचारलं नाही. सदफशी काय बोलायचं ते ती मनात जुळवत होती. माफी कशी मागतात हे तिला नीट येत नव्हतं. जब्बारशी भांडण झालं की ती माफी न मागता त्याच्या आवडीचं करायची, तो न बोलता दोनदा वाढून घ्यायचा, संपलं. म्हणून तिने सदफच्या आवडीचा खट्टा, आंबट सार, केला, चिंच जास्त घालून. ज्वारीच्या भाकरी केल्या. मुनीबसाठी वेगळं काही केलं नाही. त्याला सांगायचं की नाही ह्यावर ती येऊन अडकली. मुनीबला कळलं तर तो कारणच शोधतोय. सोमवारी येणारा गवंडी उद्याच आणेल, आणि भट्टीबरोबर तिचीही व्यवस्था लावेल. नाही, हे बायकांतच राहू दे. सदफ आणि ती. ती सदफला म्हणेल, आजपासून संध्याकाळी माझ्यावर लक्ष ठेव, माझ्या हातात डेगची दिसली की हाक मार. एवढंच. स्वयंपाक माझ्याकडेच राहू दे.

दिवेलागणीला मोटारसायकलचा आवाज आला. युसरा झोपेतच होती, तिला वर नेऊन निजवलं. सदफच्या हातावर मेंदी होती, तिने पिशवीतून लग्नातली मिठाई काढली, कोण कोण आलं होतं ते सांगितलं. मुनीब हातपाय धुऊन जेवायला दस्तरखानावर येऊन बसला. सगीराने वाढलं. तिने ठरवलं होतं की सदफला एकटीला गाठून बोलायचं, पण ती खट्टा वाढत असताना सदफने शेगडीकडे, मग मागच्या खोलीकडे असं पटकन पाहिलं, आणि त्या नजरेने सगीराचं सगळं ठरवलेलं सुटलं.

"सदफ," ती म्हणाली, "मला कळलं सगळं. डेगची तूच शिजवत होतीस. आणि मी तुला सिलिंडरवरून काय काय बोलले."

सदफचा घास हातात राहिला. ती सगीराकडे न बघता मुनीबकडे बघत होती. "मी नाही, अम्मी," ती हळू म्हणाली. "यांना विचारा."

मुनीब चावत होता. त्याने घास गिळला, पाणी प्यायला. "काल राहून गेलं," तो म्हणाला. "पैठणला पोचल्यावर ध्यानात आलं. मनकर्णामावशीला फोन करावा म्हणलं, पण मग म्हणलं म्हाताऱ्या माणसाला कुठं पहाटेचं उठवायचं. तिला माहीत हाय तसं."

सगीरा त्याच्याकडे बघत राहिली. कंपनीची बस चुकू नये म्हणून हा मुलगा अंधारात उठतो असं ती सगळ्यांना सांगायची, थोड्या तक्रारीनेच, की घरातल्या कुणाशी बोलायलाही ह्याला सकाळी वेळ नाही. तो बापासारखाच मांडी घालून बसला होता, एक गुडघा वर. यंत्रासमोर उभा राहणारा तिचा मुलगा अंधारात शेगडीसमोर बसून, आच बारीक करून, आईची कच्ची डेगची राखायचा.

"कधीपासून?"

"अब्बा गेले, त्याच्यानंतर थोड्याच दिवसांनी. पहिल्यांदा सदफला दिसलं, तिनं मला उठवलं. तवापासून मीच उठतो. हिला म्हणलं तू झोप, युसरा उठती."

"आणि तू मला सांगितलं नाहीस." तिचा आवाज चढला. "आईला वेड्यात काढून मागून मजा बघत बसलास. एकदा सांगायचंस. मी काय ऐकलं नसतं?"

मुनीबने सदफकडे पाहिलं. सदफने मान हलवली, नको अशी. पण त्याला खोटं बोलता येत नव्हतं, लहानपणापासून येत नव्हतं.

"सांगितलं होतं, अम्मी," तो म्हणाला.

"कधी?"

"दोनदा. हितंच, असंच जेवताना. पहिल्या येळी तू लई रडली. मग जेवली, झोपली. दुसऱ्या येळी नाय रडली. म्हणाली, साहेबरावला बोलव. भट्टीच पाड म्हणाली. भट्टीच नसली तर डेगची ठेवायला जागाच राहायची नाय. तूच म्हणाली, अम्मी. मी कशाला पाडीन अब्बांची भट्टी?"

सगीराने आठवून पाहिलं. दस्तरखान हाच, मुनीब असाच बसलेला, समोर सदफ. आपण रडतोय. आपण म्हणतोय, पाड. तिने नीट, एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत शोधलं, आणि तिथं काहीच नव्हतं. त्या दोन जेवणांत आपण काय खाल्लं तेसुद्धा तिला आठवेना. ज्या गोष्टीवरून तिने मुलाशी बोलणं तोडलं ती तिनेच सांगितलेली होती, आणि एवढे दिवस तो तिचा अबोला निमूट सोसत बसला होता, कारण आईला आठवण करून देणं म्हणजे तिला पुन्हा रडवणं.

"मोबाईलच्या दुकानाचं?"

"ते असंच. गवंडी कशाला म्हणून तू इचारलं, तवा काय सांगावं म्हणून मी म्हणलं दुकान भाड्यानं द्यायचंय."

वर युसरा झोपेत काहीतरी बोलली आणि पुन्हा शांत झाली. सदफ उठून सगीराच्या शेजारी येऊन बसली, तिच्या खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ. सगीराने तिचा मेंदीचा हात हातात घेतला आणि तो नुसता धरून बसली. खट्टा गार होत होता.

"म्हणजे हेही विसरेन मी," ती म्हणाली. "आजचं बोलणं. तुम्ही दोघं असे बसलात ते."

"विसरशील कदाचित," मुनीब म्हणाला. तो भाकरीचा तुकडा उगाच मोडत होता. "साहेबराव सोमवारी यायचाय. नको म्हणू का त्याला?"

सगीराला ती दुसरी सगीरा दिसली, संध्याकाळची, हातात लिंपलेली डेगची घेऊन निघालेली. भट्टी नसली म्हणून ती निघायची थांबणार नव्हती, फुफी शेळी नव्हती म्हणून थांबली नाही तशी. ती येणार, आणि जिथं दार होतं तिथं नवी गिलावा केलेली भिंत बघून तिथंच उभी राहणार, किती वेळ कुणास ठाऊक, आणि तिला काय झालं हे सांगायला कुणी नसणार. त्या बाईची सगीराला पहिल्यांदाच कीव आली.

"नको म्हण," ती म्हणाली. "राहू दे भट्टी." मग तिने विचारलं, "आणि उद्या मी परत ठेवली तर?"

"ठेव की," मुनीब म्हणाला. "मी उठतोच."